मैदानात जुना जिना नसतो

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावाजवळ वर्दी फार्म नावाचं शेत आहे. तिथला शेतकरी मायकल ईव्हिस याचा धंदा दुधाचा. १९ सप्टेंबर १९७० रोजी त्याने आपल्या कुरणात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवला. तिकीट एक पौंड, आणि त्यात गोठ्यातलं दूध फुकट. दीडेक हजार माणसं आली. तोच आजचा ग्लास्टनबरी महोत्सव. आता जूनच्या अखेरीस पाच दिवस तिथे दोन लाखांहून अधिक लोक तंबू ठोकून राहतात. नऊशे एकरांहून मोठ्या जागेत रस्ते, पाणी, वीज, दवाखाने, खाण्याच्या गाड्या आणि शंभरावर लहानमोठे मंच उभे राहतात, आणि महोत्सव आटोपला की काही आठवड्यांत सगळं उखडून पुन्हा गाई चरायला येतात. मधूनच एखादं वर्ष कुरणाला विश्रांती म्हणून महोत्सव भरवतच नाहीत. २०१८ मध्ये भरला नव्हता, २०२६ हेही विश्रांतीचंच वर्ष ठरलं आहे.

एखाद्या नाट्यगृहात व्हीलचेअर का जात नाही असं विचारलं की उत्तर तयार असतं. इमारत जुनी आहे, लिफ्टला जागा नाही, दगडी पायऱ्या फोडता येत नाहीत, वारसा समितीची परवानगी लागते. त्यात थोडंफार तथ्यही असतं. कुरणात मात्र यातलं काहीच म्हणता येत नाही, कारण तिथे जुना जिना नसतो. जी पायरी असते ती याच वर्षी, कुणीतरी नकाशा बघून, मजूर लावून बसवलेली असते. दिव्यांग प्रेक्षकाची वाट अडली तर ती यंदाच्या निर्णयाने अडलेली असते, शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्यामुळे नव्हे. अपंगत्व शरीरात किती आणि माणसांनी रचलेल्या जगात किती, हा वाद तसा जुना. ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये रोखठोक भूमिका घेतली की आम्हाला अपंग करतो तो समाज. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ असं नाव दिलं. हा विचार पुस्तकात वाचण्यापेक्षा महोत्सवाच्या मैदानावर पाहिला तर लवकर पटतो.

अर्थात कुरण म्हणजे सपाट फरशी नव्हे. ग्लास्टनबरीची जागा एका दरीच्या उतारांवर पसरलेली आहे आणि माती चिकण आहे. पाऊस पडला की जो चिखल होतो तो जगप्रसिद्ध आहे; २०१६ च्या चिखलाची गोष्ट तिथले लोक अजून सांगतात. साध्या व्हीलचेअरची पुढची चाकं लहान आणि अरुंद असतात. सगळा भार त्या टीचभर जागेवर येतो, चाक रुततं, आणि मागून कितीही जोर लावला तरी खुर्ची पुढे जाण्याऐवजी पुढच्या बाजूला कलंडते. यावर दोन उपाय आहेत. एक, जड वाहनांसाठी अंथरतात तशा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा रस्ता. त्या एकमेकींत अडकवत नेल्या की चिखलावर घट्ट वाट तयार होते. दुसरा उपाय म्हणजे अंतरच कमी करायचं. ग्लास्टनबरीत ‘स्प्रिंग ग्राउंड’ नावाची राखीव छावणी आहे. तिथे दिव्यांग प्रेक्षक आपल्या माणसांसह तंबू टाकतात. अनुकूल स्वच्छतागृहं आणि विजेवर चालणाऱ्या खुर्च्या चार्ज करण्याची सोयही तिथेच असते. या छावणीपासून मंचांच्या दिशेने व्हीलचेअर चढेल अशी बस फिरते. अलीकडे नव्वदीच्या घरातले ईव्हिस स्वतःही आपल्याच शेतात व्हीलचेअरवरून फिरताना दिसतात, आणि उतार-चढाव मोजायला आयोजकांना आता घराबाहेर जावं लागत नाही.

आता तिकीट. ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या महोत्सवांत मदतनिसाशिवाय ज्याला वावरता येत नाही त्याला मदतनिसाचं तिकीट वेगळं घ्यावं लागत नाही. ही सवलत वाटते, पण हिशेब करून पाहा. ज्याला पाणी पिण्यासाठी, कूस बदलण्यासाठी दुसरा माणूस लागतो त्याने दोन तिकिटं काढायची म्हटली तर तेच गाणं ऐकायला त्याने शेजाऱ्याच्या दुप्पट पैसे मोजले. फुकट तिकिटाने फक्त तो भुर्दंड टळतो.

पण हे तिकीट कुणाला द्यायचं? इथे अडचण सुरू होते. फॉर्मवर आजाराचं नाव लिहा, डॉक्टरांचा दाखला जोडा, ही जुनी पद्धत. तिच्यात माणसाला आपलं खाजगी दुखणं तिकीट खिडकीवरच्या अनोळखी पोराला सांगावं लागतं, आणि एवढं करून त्या पोराला काहीच कळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेली एक बाई चालत येईल, दुसरीला खुर्ची लागेल, नाव तेच. म्हणून ब्रिटनमध्ये ‘ॲक्सेस कार्ड’ नावाचं एक कार्ड रुळलं आहे. त्यावर रोगाचं नाव नसतं, चिन्हं असतात. फार वेळ रांगेत उभं राहता येत नाही, सोबतीला माणूस लागतो, स्वच्छतागृह तातडीने लागतं, सपाट वाट हवी, अशी. कागदपत्रांची छाननी एकदाच होते, पुढे प्रत्येक ठिकाणी नुसतं कार्ड दाखवायचं. या कार्डाला मी फार मार्क देतो. दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला रोगाचं नाव माहीत असून काय करायचंय? त्याला रांगेतून पुढे सोडायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं.

चिन्हांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात येते. दिव्यांग म्हटलं की डोळ्यांपुढे खुर्ची येते, पण मैदानावर येणाऱ्या बऱ्याच जणांचं अपंगत्व दिसतच नाही. मधुमेहाचं इन्सुलिन उन्हात तापलेल्या तंबूत टिकत नाही, म्हणून औषधांसाठी फ्रीज लागतो. आतड्याचा आजार असलेल्याला रांगेत उभं करणं म्हणजे छळ. स्वमग्न मुलाला कलकलाटातून बाहेर पडून पंधरा मिनिटं टेकायला शांत तंबू लागतो. अपस्मार असलेल्यांचा प्रश्न लखलखत्या दिव्यांचा. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे तीन टक्के लोकांनाच उघडमीट करणाऱ्या प्रकाशाने झटका येतो, पण दिवे तर सगळ्यांवर सारखेच पडतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये झालेल्या २८ नृत्यसंगीत महोत्सवांची, म्हणजे सुमारे चार लाख प्रेक्षकांची वैद्यकीय नोंद तपासली. दिवसाच्या कार्यक्रमांपेक्षा रात्रीच्या कार्यक्रमांत, म्हणजे दिव्यांचा मारा जिथे खरा जाणवतो तिथे, झटक्यांचा धोका तिपटीहून जास्त निघाला. दिवे काढून टाका असं कुणी म्हणत नाही. कोणत्या मंचावर, कोणत्या वेळी ते लागणार हे आधी सांगा, एवढंच मागणं आहे. सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा दिवा लखलखू देऊ नये, असा ब्रिटनमधल्या सुरक्षा यंत्रणेचा सल्लाही आहे.

आता व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांसाठी बांधतात त्या उंच चौथऱ्याकडे वळू. मंचासमोरच्या गर्दीत व्हीलचेअरवरच्या माणसाला दिसतात ती समोरच्यांची पाकिटं आणि पट्टे. खुर्चीत बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारण १.१५ मीटरवर असतात. उभ्या माणसाचा माथा १.७ मीटरच्या आसपास, आणि आवडतं गाणं लागल्यावर वर गेलेले हात आणि मोबाइल दोन मीटर ओलांडतात. म्हणजे हातांच्या वरून पाहायचं तर चौथरा निदान एक मीटर हवा. त्यावर चढायला रॅम्प लागतो. त्याचा सर्वमान्य उतार बारास एक, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. मध्ये दम घ्यायला सपाट टप्पा, वर खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर मोकळी जागा, कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी. शिवाय कठडा असा हवा की त्याची आडवी दांडी नेमकी डोळ्यांसमोर येता कामा नये. ही चूक इतकी सर्रास होते की आश्चर्य वाटतं. लाखो खर्चून चौथरा बांधायचा आणि त्यावरच्या माणसाला दोन तास दांडी बघायला लावायची!

चौथऱ्याची जागाही बोलकी असते. पार मागे, ध्वनियंत्रणेच्या तंबूच्याही पलीकडे ठेवला तर दिसतं, पण कलावंत बोटाएवढा. फार कडेला ठेवला तर स्पीकरच्या भिंतीआड जातो. आणि चौथऱ्यावर माणसागणिक एकच सोबती नेता येईल असा नियम असला की चार मैत्रिणींपैकी दोघी वर, दोघी खाली. वर-खाली राहून गाणं ऐकता येतं, एकत्र ऐकता येत नाही. संख्येचं बंधन सुरक्षिततेसाठी लागतं, हे खरं. पण चौथरा किती मोठा बांधायचा हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं.

कर्णबधिर माणूस संगीत महोत्सवात कशाला जाईल, असं विचारणाऱ्याने एव्हलिन ग्लेनी यांचं वादन पाहावं. स्कॉटलंडच्या या तालवादक लहानपणीच जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. मंचावर त्या अनवाणी उभ्या राहतात, कारण कंप पायांतून येतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात ढोलांच्या ताफ्याचं नेतृत्व त्यांनीच केलं. ‘ऐकू न येणं’ ही चालू-बंदची गोष्टही नाही. कुणाला खालचे सूर ऐकू येतात, कुणाला श्रवणयंत्राने भागतं. त्यांच्यासाठी मैदानावरही वेटोळं अंथरता येतं: चौथऱ्याभोवती एक तार फिरवायची, तिच्यात ध्वनियंत्रणेतून विद्युतप्रवाह सोडायचा, आवाजाबरोबर चढ-उतार होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि श्रवणयंत्रातली छोटी गुंडाळी ते पकडून पुन्हा ध्वनी बनवते. गर्दीचा गोंगाट यात येतच नाही. कोल्डप्ले या बँडने आपल्या अलीकडच्या जागतिक दौऱ्यात कर्णबधिर प्रेक्षकांना मंद्र सुरांचा कंप पाठीवर देणारी जाकिटं पुरवली.

पण सगळ्यांत अवघड काम सांकेतिक भाषेच्या दुभाषीचं. ग्लास्टनबरीत ‘डेफझोन’ नावाचा गट बरीच वर्षं हे काम करतो आहे. गाण्याचा अर्थ हातांनी सांगायचा म्हणजे नुसते शब्द हातावर उतरवणं नव्हे. ताल, विराम, कडव्यातली चेष्टा, सगळं चेहऱ्यावर आणि खांद्यांत यावं लागतं. त्यासाठी गाण्यांची यादी आधी मिळाली पाहिजे, आणि कलावंत ती शेवटच्या घटकेपर्यंत गुप्त ठेवतात. मिळालीच तर दुभाषी कित्येक दिवस तालीम करतात. २०१९ मध्ये तिथे स्टॉर्मझी या रॅपरचा कार्यक्रम झाला. त्याचे शब्द कानाने पकडतानाही धाप लागते. ते हातांनी, ठेक्यात सांगणाऱ्या दुभाषीचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यातला लोकांचा कौतुकाचा सूर मला जरा खटकला होता, कारण कर्णबधिर प्रेक्षकांऐवजी सगळे दुभाषीकडेच बघत होते. पण दुभाषींची मागणी वाढली ती त्यामुळेही. आणखी एक बारकावा: नाट्य म्हणून मंचावर अंधार केला की दुभाषीही अंधारात जाते. तिच्यावर एक दिवा कायम ठेवायला प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच सांगावं लागतं. ब्रिटिश, अमेरिकी आणि भारतीय सांकेतिक भाषा वेगवेगळ्या आहेत, म्हणून परदेशी बँडसोबत आलेली अमेरिकी दुभाषी मुंबईच्या कर्णबधिर प्रेक्षकाच्या उपयोगाची नाही.

दुभाषी किती वेळ हवा, यावर ब्रिटनमध्ये खटलाही झाला. २०१७ मध्ये ससेक्समधल्या एका मोकळ्या जागी लिटल मिक्स या गटाचा कार्यक्रम होता. लहान मुलींना घेऊन जाणाऱ्या एका कर्णबधिर आईने दुभाषी मागितला. आयोजकांनी आढेवेढे घेत तो दिला, पण फक्त मुख्य गटापुरता. आधी गायलेल्या दोन गटांच्या वेळी ती नुसती बघत बसली. तिकीट तर पूर्ण संध्याकाळचं होतं. ती न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. आधार होता २०१० च्या समानता कायद्याचा. सेवा देणाऱ्याने ‘वाजवी फेरबदल’ करावेत असं तो सांगतो, आणि दिव्यांग ग्राहक दारात येऊन उभा राहण्याची वाट न बघता आधीच विचार करावा, असंही.

कायदा असला तरी मैदानावर जाऊन तपासणारं कुणीतरी लागतं. सुझॅन बुल या संगीतवेड्या दिव्यांग बाईंनी २००० मध्ये ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था काढली, ती याच कामासाठी. संस्थेची एक सनद आहे. ती पाळणाऱ्या महोत्सवांना कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे मिळतात. पाहणी करणारे बहुतेक दिव्यांग रसिकच असतात. ते साध्या प्रेक्षकासारखे जातात आणि नंतर लिहून कळवतात की रॅम्प होता, पण त्याच्या पायथ्याशी बिअरची पिंपं रचली होती. हे नकाशावर कधीच दिसत नाही.

आता ज्या विषयावर कुणी बोलत नाही तो: स्वच्छतागृह. महोत्सवातल्या फिरत्या संडासांविषयी धडधाकट माणसंही आठवड्याभर तक्रार करतात. नेहमीचं ‘अपंगांसाठी’ असलेलं स्वच्छतागृह खुर्चीवरून स्वतः सरकता येणाऱ्याला चालतं. ज्याला उचलूनच ठेवावं लागतं, किंवा ज्या प्रौढ माणसाचे डायपर बदलावे लागतात, त्याच्यासाठी ते निरुपयोगी. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची चळवळ सुरू झाली. तिचा खोलीचा नमुना साधारण तीन बाय चार मीटरचा: छताला माणूस उचलणारी यारी, प्रौढ माणूस झोपवता येईल असा खालीवर होणारा बाक, आणि कमोडच्या दोन्ही बाजूंना मदतनिसाला उभं राहण्याइतकी जागा. मैदानासाठी हेच सगळं ट्रकच्या डब्यात बसवून नेतात. असा एक डबा आला नाही तर काय होतं? आईवडील मुलाला ओल्या गवतावर झोपवून कपडे बदलतात, नाहीतर तो मुलगा सकाळपासून पाणीच पीत नाही. बहुतेक वेळा ते घरीच राहतात, आणि मग आयोजक म्हणतात, ‘अशा लोकांकडून मागणीच येत नाही हो.’

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क स्पष्ट सांगतं. मात्र सुगम्यतेचे निकष नियमांत असे मांडलेले होते की ते शिफारशीसारखेच वाटावेत. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निकष मांडणारा नियम १५(१) रद्द केला आणि बंधनकारक निकष वेगळे काढायला केंद्राला तीन महिने दिले. हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. तेव्हा प्रश्नावलीत अपंगत्वाचे प्रकार मोजकेच होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस मानले.

गोव्याने एक वेगळी सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत ‘पर्पल फेस्ट’ भरला, तोच मुळी दिव्यांगांना मध्यभागी ठेवून. पुढच्या वर्षी तो आंतरराष्ट्रीय झाला. असे महोत्सव हवेतच. पण दिव्यांगांसाठीचा महोत्सव असणं आणि सगळ्यांच्या महोत्सवात दिव्यांगाला जाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे.

पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचं उदाहरण घ्या. मुकुंदनगरच्या मैदानावर भला मोठा मांडव पडतो. भारतीय बैठकीवर सहा-सात तास बसणं हा तिथल्या रसिकतेचाच भाग मानला जातो, आणि गुडघ्यांनी साथ सोडलेले कितीतरी जुने श्रोते हळूहळू खुर्चीच्या तिकिटाकडे सरकतात. वयाबरोबर येणारं अपंगत्व आपण अपंगत्वात मोजत नाही, म्हणून त्याची सोय ‘ज्येष्ठांचा मान’ म्हणून होते. हरकत नाही, नाव काहीही द्या. शास्त्रीय संगीताचा श्रोतृवर्ग पाहता या मांडवांत रॅम्प, टेकायला आधार आणि जवळचं स्वच्छतागृह यांची गरज रॉक महोत्सवापेक्षा जास्तच आहे.

प्रेक्षकांचं झालं, कलावंतांचं काय? २०१५ च्या जूनमध्ये फू फायटर्स या रॉक बँडचा गायक डेव्ह ग्रोल स्वीडनमध्ये मंचावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्या वर्षीचा ग्लास्टनबरीचा कार्यक्रम रद्द झाला, पण काही आठवड्यांतच तो दिवे आणि गिटारी लावलेल्या एका भल्यामोठ्या सिंहासनावर बसून पुन्हा गाऊ लागला. मोठ्या गायकाचा पाय मोडला की मंच त्याच्या मापाने बदलतो. कायम व्हीलचेअरवर असलेल्या नवख्या गायिकेला मात्र आयोजक विचारतात, ‘चार जण उचलून वर ठेवतील, चालेल ना?’ गंमत अशी की बहुतेक मंचांच्या मागे रॅम्प असतोच. तो असतो स्पीकर आणि वाद्यांच्या चाकांच्या पेट्या चढवायला. फक्त तो उभट असतो, बारास एक नसतो, आणि कार्यक्रमाच्या वेळी त्यावर रिकाम्या पेट्या रचलेल्या असतात.

आपल्याकडचे मांडववाले बांबू, पाइप, प्लायवूड आणि सुतळीतून दोन दिवसांत हवी ती गोष्ट उभी करतात. त्यांना बारा मीटरचा रॅम्प बांधायला सांगितलं तर ते पैसे सांगतील आणि बांधतील. पण तो कोटेशनमध्ये लिहिलेला असावा लागतो. आदल्या रात्री अकरा वाजता, प्रवेशद्वाराची कमान रंगवून झाल्यावर, कुणाच्या तरी लक्षात आलं की प्लायची एक फळी पायरीवर तिरकी टाकली जाते. तिच्यावरून खुर्ची चढत नाही, सायकल मात्र मस्त चढते.